चार पिंपळगावं

"घराण्याचा इतिहास लिहितेस की बाजारांची यादी?" दादा हसला. नात्यात चार पिंपळगावं, म्हणून प्रत्येक गावापुढं त्याचा आठवडी बाजार लिहायचा, असा कुंदाचा नियम होता.

आईची थोरली बहीण पिंपळगावात दिलेली. भांडणं झाली, येणंजाणं तुटलं. मामांनी पुढं शोधलं, पण भलत्याच पिंपळगावात. आता थकलेल्या आईला एकदा तरी आक्काला पाहायचं होतं.

"आई, मावशी बाजाराला कुठं जायची गं?"

मटार सोलता सोलता आई म्हणाली, "आंबेवाडीला. माझ्या बांगड्या तिथल्याच असायच्या."

कुंदा ताडकन उठली. यादीत ज्या पिंपळगावापुढं आंबेवाडीचा बाजार होता, तिथं मावशीला शोधायला कुणी गेलंच नव्हतं! तिनं तिथल्या सरपंचांना फोन लावला, त्यांनी मावशीच्या घरचा नंबर दिला. तिनं तो लगेच लावला. खणखणीत म्हातारा आवाज आला. कुंदानं आईचं नाव सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडून लगेच प्रश्न आला: "धाकटे, दात आहेत का गं अजून?"

आईनं तोंडाला पदर लावला. हसत, रडत ओरडली, "दोन आहेत, आक्का! थांब, दाखवायलाच येते."