शाश्वत म्हणजे

एकशे एकोणीस फॉर्म जमले होते. साहेबांना पाचच्या आत एकशे विसावा हवा होता, म्हणजे अहवालात ‘शंभर टक्के सहभाग’ असं छापता आलं असतं. कर्मचारी विभागातल्या मॅडम शेवटी साफसफाईच्या मावशींना शोधत मागच्या जिन्याखाली गेल्या.

मावशी उलट्या बादलीवर बसून कचरा निवडत होत्या. वरच्या मजल्यावर ओल्याचा एक आणि सुक्याचा एक असे दोन डबे होते, पण लोक हाताशी येईल त्यात टाकून मोकळे होत. फॉर्मवर मात्र झाडून सगळ्यांनी ‘नेहमी वेगळा टाकतो’ या चौकटीत खूण केली होती. मॅडमनीही.

“मावशी, एवढा फॉर्म भरून द्या बरं. कार्यालयातली शाश्वतता, त्याबद्दल आहे.”

“शाश्वत म्हणजे काय हो?”

मॅडमना घाई होती. “म्हणजे कायम. कायम टिकणारं.”

“कायम?” मावशी उठल्याच. “माझं नाव आहे यादीत?”

“आहे ना. तुमच्यापाशीच तर अडलंय सगळं.”

मावशींचा चेहरा असा उजळला की मॅडमच्या लक्षात आलं. अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी कंत्राटावर सही करणाऱ्या माणसाला ‘कायम’चा एकच अर्थ माहीत असतो, हे न कळायला त्या काही दूधखुळ्या नव्हत्या. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलंही. मग घड्याळ पाहिलं. आधी फॉर्म, मग सांगू, असं मनाशी म्हणून त्यांनी पेन पुढे केलं.

मावशी साबणाने हात दोनदा धुऊन आल्या. एकेका चौकटीत जपून खूण करू लागल्या. ‘तुमचे सहकारी कचरा वेगळा टाकतात का?’ इथे पेन अडलं.

“टाकतात, असंच लिहिते. उगाच कशाला कुणाचं नाव खराब करा? आता यांच्यातच राहायचंय.”

मॅडमना मान वर करवेना. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी फॉर्म घेताना त्यांनी सही तेवढी नीट तपासली.

त्या जिन्याच्या मधल्या वळणावर पोचल्या, तोच मागून हाक आली. मावशी धापा टाकत वर येत होत्या. हातात प्लास्टिकची चुरगळलेली पिशवी, तिच्यात पासपोर्ट आकाराचा एक फोटो. फोटोतल्या मावशींचे केस काळेभोर होते.

“कामाला लागले तेव्हाच काढून ठेवला होता, म्हटलं कधीतरी लागेल. यावर फोटोची जागाच दिसली नाही, मॅडम. कुठे चिकटवायचा?”

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तरी त्या चौकट शोधत राहिल्या.