चौकशीत न सापडलेलं

घरच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस असतानाही समिधा आणखी एक सॉफ्टवेअर टाकत होती, तेव्हा तिचे बाबा दत्ताराम खुर्ची ओढून शेजारी बसले.

"एक असताना दुसरं कशाला गं?"

"अँटीव्हायरसकडे जुन्या चोरांची यादी असते, बाबा. यादीत नाव नसलं की तो आत सोडतो. हे दुसरं यादी बघतच नाही. आत आलेला वागतोय कसा, तेवढंच बघत बसतं."

मग तिने मैत्रिणीच्या सीडीवरचा गाण्यांचा प्रोग्राम लावला. अँटीव्हायरसने तो बिनदिक्कत आत घेतला. मिनिटभरात नव्या सॉफ्टवेअरची लाल चौकट उमटली. समिधाने वाचून दाखवलं, "हा गाणी सोडून आपल्या फायली उघडतोय. थांबवू का, विचारतंय."

दत्ताराम बघतच राहिले. ना नाव ठाऊक, ना गाव, नुसत्या वागण्यावरून पकडला.

परवा समिधाला बघून गेलेल्या मुलाची त्यांनी मीरा रोडपासून रत्नागिरीपर्यंत चौकशी केली होती. कुणी वावगा शब्द काढला नव्हता. त्यांची बायको शेवंतीच तेवढी म्हणाली होती, "तो नुसता बघायचा आणि त्याची आई बोलता बोलता गप्प व्हायची." त्यावर दत्तारामांनी तिच्याकडे नुसतं बघितलं होतं, आणि तीही गप्प झाली होती.

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. शेवंती भाकऱ्या थापत होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण आज पहिल्यांदाच बघत असल्यासारखे ते उभे राहिले.

"त्या मुलाचं काय सांगत होतीस? बोल, मी ऐकतोय."