घुबडाच्या डब्या

“उन्हात दिसेल ना?” चष्मेवाल्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन उचलून थेट दुकानाच्या दारात नेला.

दुकानवाल्या बाई काउंटरमागे हसल्या. ‘आता दिसतं का? आणि आता?’ असं लोकांना विचारण्यात या माणसाची हयात गेली होती. तो गिऱ्हाईक झाला की असाच वागणार.

“दिसतंय छान,” तो परत येऊन म्हणाला. “पण पडला तर?”

“पडला तर फुटेल. फोन आहे तो, चेंडू नाही.” त्यांनी शेजारी साबणाच्या वडीएवढं, रबरी कडांचं एक जाडजूड यंत्र ठेवलं. “हा हॅन्डहेल्ड, हातात धरून जागा शोधायचा. आपटा, भिजवा, ढिम्म हलत नाही. दोन्हींत डब्यांची सगळी माहिती मावते. आकडे, वर्णन, खाणाखुणा. कागद लागतच नाही.”

कागद नकोत ही तर घरचीच अट होती. प्रत्येक डबीची माहिती छापून न्यायची त्याची सवय. खिशातून, उशीखालून, फ्रिजवरून कागद निघायचे. “घरात एक तर मी राहीन, नाही तर हे कागद,” बायको म्हणाली होती. अर्थात लग्न झाल्यापासून ती हे वेगवेगळ्या वस्तूंबद्दल म्हणतच आली होती.

खेळ तसा साधा. कुणीतरी एक डबी कुठंतरी लपवतं आणि त्या जागेचे उपग्रहाचे आकडे टोपणनावाने वेबसाइटवर टाकतं. बाकीचे यंत्र घेऊन शोधत जातात, आतल्या चिठोऱ्यावर सही करतात आणि डबी होती तिथं ठेवून परत येतात. हाती काही लागत नाही.

“मिळतं काय यातून? पोरखेळ नुसता!” हे मुलाला तोच बोलला होता. जेवणाच्या टेबलावर, चार पाहुण्यांसमोर. शब्दाने शब्द वाढला आणि मुलगा घर सोडून गेला तो गेलाच. मागे राहिलं त्याचं डब्या शोधायचं यंत्र आणि खेळाचं खातं उघडंच असलेला एक जुना फोन. फोन बायको अजून नेमाने चार्ज करते, कधी वाजलाच तर म्हणून. यंत्र त्याने स्वतः घेतलं. वापरून वापरून त्याची बटणं झिजली आणि परवा ते कायमचं मिटलं.

“कुणाच्या डब्या शोधता?” बाईंनी विचारलं. त्या स्वतःही या खेळातल्याच.

“घुबडाच्या.”

“आणखी?”

“आणखी कुणाच्या नाही.”

“घुबड म्हणजे उस्ताद हो! त्याच्या सुरुवातीच्या सगळ्या डब्या शोधल्यात मी. हिरव्या चिकटपट्टीत गुंडाळलेल्या, पानांत ठेवल्या की संपलं. पण आकडे असे चोख, की तिथं जाऊन उभं राहायचं आणि नुसतं वाकायचं.”

“जमिनी मोजायचं काम त्याचं,” चष्मेवाला म्हणाला. “माझा मुलगा.”

बाई काउंटरवर पुढे झुकल्या. “मध्ये वर्षभर गायब होता. मग पुन्हा डब्या यायला लागल्या, सगळ्या इथल्याच. म्हणजे येतो की इकडे. घरी नाही येत?”

“नाही.”

त्याने रुमाल काढला आणि फोनवरचा नसलेला डाग पुसला.

“हल्ली जरा सैल पडलाय मात्र,” बाईंनी विषय हलका केला. “मागची डबी भलत्याच गल्लीत दाखवत होती.”

“वय होतं माणसाचं.”

बाईंनी फोन त्याच्यापुढे सरकवला. “मग हाच घ्या. घुबडाने डबी टाकली रे टाकली की हा वाजणार. तसेच धावत सुटलात तर जागेवर गाठाल. समोरासमोर.”

त्याने फोन हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. रस्त्यात पाठमोरा कुणी उंच दिसला की तो अजूनही भरभर पावलं टाकायचा, पुढे जाऊन वळून बघायचा, आणि मग उगाच मनगटावरच्या घड्याळात डोकं घालायचा.

“आणि हा दुसरा?”

“तो मुका. घरी संगणकाला जोडून माहिती भराल तेव्हा त्याला कळणार. तोवर तुमचं घुबड उडून जायचं.”

“आकडे दोन्ही पद्धतींनी दाखवतो? सेकंदांत आणि दशांशात?”

“दाखवतो. पण कशाला?”

“सेकंदांचा आकडा दशांशाच्या जागी पडला की डबी भलत्या गल्लीत जाते.”

“घुबड असली चूक करेल?”

चष्मेवाल्याने फोन खाली ठेवला. “हा मुकाच द्या.”

“अहो काका, पोराला गाठायचंय ना तुम्हाला?”

“लपवणाऱ्याला घरी पोचायला वेळ नको का?”

बाईंनी कपाळावर हात मारला आणि यंत्र खोक्यात घातलं.

तो घरी आला तेव्हा दाराला कुलूप होतं. बूटही न काढता त्याने यंत्र संगणकाला जोडलं. एक नवी डबी होती. घुबडाची, आजचीच. नकाशावर ती बागेतल्या तळ्याच्या मधोमध तरंगत होती. त्याने पद्धत बदलून तेच आकडे सेकंद धरून पुन्हा भरले. टिंब सरकत सरकत काठावरच्या बाकाशी येऊन थांबलं. मग त्याने सगळं पुन्हा होतं तसं करून ठेवलं.

बायको आली ती धापा टाकतच. “शेजारी गेले होते जरा. आणलंत? बघू. काही नवीन आलंय का त्याचं?”

“आलंय. तळ्यात दाखवतंय.”

“तळ्यात?” ती बसता बसता उठली. “असं कसं होईल? यंत्र तरी धड आहे ना? अहो, काठाला बघा की. बाकाबिकाखाली.”

“बघतो उद्या. येतेस बरोबर?”

“मी? हे गुडघे घेऊन? तुमचे खेळ तुम्हाला लखलाभ.”

“बरं,” तो म्हणाला. तिच्या बाहीला चिकटलेला हिरव्या चिकटपट्टीचा तुकडा त्याने हलकेच काढला आणि ती पाणी प्यायला वळली तेव्हा चष्म्याच्या घरात, आधीच्या तुकड्यांशेजारी, ठेवून दिला.