नखांतला गाळ

प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या मावशींचा हात असा, की मळलेलं भांडं दिसलं की तो डोक्याला न विचारताच घासायला लागायचा.

म्हणून संशोधन करणारी पोरगी जेवायला जाताना बजावून गेली होती, "मावशी, त्या बरणीला हात लावू नका हं! तळ्यातला गाळ आहे. त्यातले जिवाणू अंगातून प्रथिनांच्या तारा काढतात, केसाहून बारीक, आणि एकमेकांना वीज पोचवतात. त्यावरच हा इवलासा दिवा पेटलाय. तो विझला तर माझी दोन वर्षं पाण्यात!"

मावशी भानावर आल्या तेव्हा बरणी लख्ख धुऊन इतर बरण्यांच्या रांगेत पालथी घातलेली होती.

दिवा मात्र जळत होता. त्याच्या बरणीतून सुटलेल्या दोन्ही वायरी टेबलावरून नुसत्या लोंबत होत्या.

मावशी जवळ गेल्या, तसा तो उजळला. मागे सरल्या, तसा मंदावला. नखांत थोडा काळा गाळ राहिला होता. बोटांतून कुणी हळूहळू लोकरीचा धागा ओढून घ्यावा, तसं मऊ, गुंगीचं काहीतरी वाटत होतं.

पोरगी दारातूनच ओरडली, "अगबाई! आज काय खाऊ घातलंत त्या गाळाला?"

"पोरी, बरणी मी धुतली गं."

"पुरे तुमच्या थापा! दिवा बघा की कसा झगमगतोय. आणि हे हात केवढे मळलेत!" हसत तिनं मावशींचे हात नळाखाली धरले.

गाळ सुटू लागला. दिवा मंदावत गेला. आणि त्याच्याबरोबरच, जणू दोघांची वीज आता एकच होती, भर दुपारी, उघड्या डोळ्यांसमोर, मावशींना पोरीचा चेहरा दिसेनासा होऊ लागला.