तेलाचा हात

सुताराने ओक लाकडाची दारं घासून लोण्यासारखी फिकट केली आणि बजावलं, "हे लाकूड तेल पितं. उद्या मी लॅकरचं पॉलिश मारेपर्यंत तेलाचा हात लागला, तर तो डाग जन्मभर काळाच राहणार."

तेव्हापासून सासूबाईंनी सुनेवर पहारा बसवला. नातीला तेल चोळता चोळता त्या मध्येच उठायच्या आणि दारं अजून तशीच आहेत ना, बघून यायच्या.

सकाळी सुताराला बेडरूमच्या दारावर पंजाचा काळपट ठसा दिसला.

"हिचाच," सासूबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरातून तशीच हात माखून फिरते. आता आल्यागेल्याला काय सांगू, सुनेने नवं दार नासवलं म्हणून?"

"आई, मी कालपासून दारं कोपराने ढकलतेय."

"मग काय आपोआप उमटला? असा हात टेकला असशील, असा," म्हणत त्यांनी दारावर हात ठेवून दाखवला.



पाचही बोटं, अगदी वाकड्या करंगळीसकट, ठशात चपखल बसली, तेव्हा सून हळूच म्हणाली, "आई, आता हात काढा, सुतारकाकांना लॅकर मारायचंय."