घरी रंगवलेली पाटी

ती पाटी मानायला कोणी बांधील नाही, असं चौकीत सब-इन्स्पेक्टरनं नरेंद्र खानविलकरांना अदबीनं सांगितलं. प्रशासनानं लावलेली असती तर गोष्ट वेगळी. उलट सरकारी खांबावर खासगी पाटी लावणं हाच गुन्हा. आपण फौजी माणूस म्हणून लिहून घेत नाही, पण आजच काढा. गाडीच्या वेगाचं म्हणाल, तर त्या गल्लीत कॅमेरा नाही. चौकशी चालू राहील.

"ठीक है," खानविलकर म्हणाले.

हवाई दलातून निवृत्त होऊन ते गावी न परतता इथेच उत्तरेत, सेक्टर बावीसमध्ये राहिले होते. वळणावर गतिरोधक मागून मागून थकले, तेव्हा एक दिवस त्यांनी स्वतःच पत्र्यावर रंगवलं, 'धीरे चलें. बीस से ऊपर नहीं.' त्याच पाटीखाली गेल्या पंधरवड्यात त्यांच्या पत्नीला, नेत्राताईंना, गाडीनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. त्या अजून इस्पितळात होत्या.

उडवणारा शेजारच्याच खुर्चीत बसला होता. जवळच्या डेराबस्सी गावातल्या औषध कारखान्यात नोकरीला असलेला, पन्नाशीचा माणूस. चौकीत तो चकार शब्द बोलला नव्हता.

खानविलकर घरून स्टूल आणि पाना घेऊन खांबापाशी आले, तर तो तिथे उभा. नट गंजले होते. स्टूल डुगडुगायला लागलं तसं त्यानं खाली वाकून ते धरलं. खानविलकरांनी नको म्हटलं नाही. तेवढंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"रोज पढ़ता था जी," तो खालून म्हणाला. "उस दिन भी पढ़ा था."

पाना थांबला. वर धरून धरून हात भरून आले होते.

"फिर?"

"सोचा, किसी ने घर पे बनाया है."

"ये चौकी में बोलोगे?"

त्यानं स्टूल सोडलं नाही.

दुसरा नट निघाला. खानविलकरांनी पाटी खाली दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, पण कुठे ठेवावी ते त्याला कळेना. अक्षरं रस्त्याकडे करून, छातीशी धरून तो तसाच उभा राहिला.

वळणावरून एक स्कूटरवाली भरधाव आली. तिनं पाटी वाचली, माणसाकडे पाहिलं, आणि वेग कमी केला.