उजवा अंगठा
पलूसच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात प्रियदर्शनीच्या मेंदूच्या तक्त्यापुढं झुंबड उडाली होती. "बोटं गुंतवा! डावा अंगठा वर आला तर कलाकार, उजवा आला तर गणिती!" ती ठसक्यात निकाल देत होती. बेंदराच्या सणाला आख्ख्या आळीच्या बैलांची शिंगं रंगवणाऱ्या तिच्या मैत्रिणीनं, अंकितानं, बोटं गुंतवली. उजवा वर आला. "तू पाढे घोक गं बाई, चित्रकला तुझं काम न्हाई!" सगळ्या खिदळल्या, अंकितापण हसली. दुपारी प्रदर्शन तपासायला आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे खोटंय, बाळ. चित्र काढताना मेंदूच्या दोन्ही बाजू राबतात." प्रियदर्शनीनं तक्ता तिथंच सोडला. ती अंकिताकडं धावली, पण अंकितानं चित्रकलेच्या परीक्षेचा फॉर्म केव्हाच फाडला होता. "चुकलं माझं, अंके! दुसरा आणू, आज शेवटचा दिवस!" अंकिता पुटपुटली, "उगं समजूत काढू नगंस. तू कवा चुकतीस व्हय?"